गाळलेला तास

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी नोकरी, नवं गाव, नवी वही. आत्या म्हणाली, तीन गोष्टी एकदम नव्या मिळाल्यात, त्यातली एखादी तरी टिकेल. मग स्वतःच हसली आणि पडद्यांची मापं घ्यायला लागली.

घर छान आहे. खाली कागद-पेन्सिलींचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या आणि मधे लांब, सरळ बोळ. जिन्याला चौदा पायऱ्या, आत्याने सामान चढवताना मोजल्या. शिवणयंत्र खिडकीशी लावलं, माझं टेबल मागच्या खोलीत, दाराकडे तोंड करून. मला दाराकडे पाठ करून बसवत नाही. आत्या म्हणते, लहानपणापासूनचं आहे, राहू दे.

नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. छाती कच्ची होती, थंडी लागली की श्वास अडकायचा. आत्यानेच घरी शिकवलं, शिवणयंत्राच्या फळीवर वही ठेवून. तिचे नियम दोनच. पाहिलं तेवढंच लिहायचं. आणि चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं. चूक दिसली पाहिजे, नाहीतर आपण कधी चुकलोच नाही असं माणसाला वाटायला लागतं, असं ती म्हणायची. त्या जोरावरच ही नोकरी मिळाली असावी. मुलाखतीत मॅडमनी माझ्या जुन्या वह्या चाळल्या आणि म्हणाल्या, आम्हाला असंच चिकट माणूस हवं होतं.

काम असं आहे. साठीच्या पुढची माणसं दिवसभरात किती हलतात, चालतात, बसतात, आणि त्याचा त्यांच्या हृदयाशी, झोपेशी काय संबंध, याचा अभ्यास. प्रत्येकाच्या कमरेला सात दिवस एक पट्टा. पट्ट्यात काडेपेटीएवढा सेन्सर. पट्टे मी बांधायचे, मी सोडायचे, आणि आतल्या नोंदी तपासायच्या.

आज फार आनंदात आहे. हे लिहून ठेवते, कारण मी आनंदात आहे हे मला सहसा दुसऱ्या दिवशी कळतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

परवा सहा आणि काल सहा, असे बारा पट्टे बांधून झाले. सगळे याच पेठेतले. निवृत्त पोस्टमनकाकांनी पट्टा बांधताना पोट आत ओढलं आणि म्हणाले, चाळीस वर्षं गावभर हिंडलो तेव्हा कुणी मोजलं नाही, आता नुसता बसलोय तर मोजायला आलात. त्यांच्या बायकोने आतून ऐकवलं की मोजा, मोजा, स्वयंपाकघरापर्यंत किती वेळा येतात तेही मोजा. पलीकडच्या नर्सबाई मात्र गंभीर. आयुष्यभर दुसऱ्यांना पट्ट्या बांधल्या, आता माझी पाळी, एवढंच बोलल्या.

कचेरीत माझ्याशिवाय एकच माणूस रोज असतो. आकडेमोड तोच बघतो. सगळे त्याला दशांश म्हणतात, कारण त्याला सात म्हटलेलं चालत नाही, सात पूर्णांक चार म्हणावं लागतं. चहात साखर किती विचारली तर सव्वा चमचा सांगतो. त्याने मला आलेख वाचायला शिकवले. प्रत्येकाची चाल म्हणजे हस्ताक्षर, असं तो म्हणतो. मी सुटा सेन्सर हातात धरून कचेरीच्या बोळातून दोनदा चालून दाखवलं. त्याने आलेख पाहिला आणि म्हणाला, तुम्ही दर पावलाला जमिनीची परवानगी मागता.

माणूस झोपला तरी आलेखात बारीक लाट राहते. ती श्वासाची. पट्टा काढून टेबलावर ठेवला की लाट जाते, सरळ रेघ उरते. सलग साठ मिनिटं सरळ रेघ दिसली की पट्टा अंगावर नव्हता असं धरायचं आणि तो तास गाळायचा. संगणकातली आज्ञावली आपोआप गाळते, आपल्यापर्यंत येतच नाही. नियम शहाणपणाचा आहे. तरी मी दशांशला विचारून न गाळलेल्या नोंदींची प्रत माझ्याकडे ठेवायला लागले. मला गाळणं बघवत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिले सहा पट्टे परत आले. त्यातला एक दशांशने आजच स्वतःच्या कमरेला बांधला. त्याचं म्हणणं, सात दिवस वापरून पाहिल्याशिवाय कुठल्याही यंत्रावर विश्वास ठेवू नये.

पोस्टमनकाकांच्या नोंदीत चौथ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, दुपारी दोन दहा ते तीन दहा सरळ रेघ आहे. पट्ट्याबरोबर दिलेल्या रोजच्या पत्रकात मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: जेवण झालं, खिडकीशी बसलो, पट्टा कमरेला. त्यांनी विसरून काढला असेल. पण मग त्यांनी लिहिलेलं खोटं ठरतं, आणि ते मी त्यांना न विचारता ठरवायचं, हे बरोबर वाटत नाही. उद्या विचारते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काका दारात आले. पट्टा काढला नव्हता, असं अगदी सभ्यपणे सांगितलं. आभार मानले. एकही थट्टा केली नाही. त्यांची बायको मला फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, चार-पाच दिवस झाले, भांडण नाही, कटकट नाही, जेवणाला नावं ठेवणं नाही. बायामाणसं अशा नवऱ्यासाठी देवाला साकडं घालतात, आणि मी रात्रीची उशाशी दिवा ठेवून झोपते. हसायला गेली, पण हसणं काही जमलं नाही.

दुपारी उरलेले पट्टे आले. नर्सबाईंनी खाज सुटली म्हणून तिसऱ्या दिवशीच काढून ठेवला होता. बाकी अकराच्या अकरा जणांच्या नोंदीत तीच रेघ. ज्याचा पट्टा मंगळवारी बांधला त्याची शुक्रवारी, बुधवारी बांधला त्याची शनिवारी. प्रत्येकाचा चौथा दिवस, आणि पत्रकात प्रत्येकाचं जेवून बसल्याचं लिहिलेलं. दोन दहा ते तीन दहा. एकसष्ट मिनिटं कुणाचीच नाहीत.

दशांशला दाखवलं. तो म्हणाला, यंत्र चौथ्या दिवशी साठवण मोकळी करायला स्वतःला बंद करत असणार, बनवणाऱ्यांना लिहितो. मग म्हणाला, तुम्ही माणसांवर संशय घेत नाही आणि यंत्रावरही घेत नाही, मग जेवता कशावर? हसू आलं. जीव हलका झाला. यंत्राचाच दोष.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजच्या तुकडीत बारा हवे होते. काल संध्याकाळी एक आजोबा ऐन वेळी नको म्हणाले. मॅडमना बाराच हवेत, अकरा नाहीत. घरी येऊन चिडचिड केली तर आत्या म्हणाली, मला बांध, साठी मी तीन वर्षांपूर्वीच ओलांडली, कुणाला सांगितलं नाही एवढंच. मी आढेवेढे घेतले. नातेवाईक चालतात का ते नियमात पाहिलं. चालतात. मग तिला एकटीला नको म्हणून एक माझ्याही कमरेला बांधला. सकाळी नऊ वाजता दोघींनी आरशासमोर उभं राहून पट्टे लावले. आत्या म्हणाली, आता आपण जुळ्या.

ती दिवसभर मुद्दाम जास्त चालली. बोळातून तिची पावलं ऐकू येतात, टाच आधी, टपटप, घाईची. मी ती पावलं झोपेतही ओळखेन.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नको ते केलं. पण केलं नसतं तर कळलं नसतं.

कचेरीत आज फक्त दशांश आणि मी. सहज म्हणून अकरा जणांच्या चालण्याचे आलेख काढले, रेघेच्या आधीचे आणि नंतरचे. आधीचे अकरा वेगवेगळे. पोस्टमनकाकांचं झपाझप, कुणाचं गुडघा धरून, कुणाचं काठी टेकत. रेघेनंतर अकराही जणांची चाल एकच. डावं पाऊल लांब, उजवं आखूड, शेवटी जरा घसटत. अकरा वह्या, आणि चौथ्या दिवसापासून सगळ्यांत एकच हस्ताक्षर.

तीन वेळा पुन्हा काढले. नावं बदलली गेलीत का पाहिलं. नाहीत.

रेघ म्हणजे पट्टा काढला असं नव्हेच. पट्टा अंगावर होता. अंगात श्वास नव्हता. साठ मिनिटं. आणि मग उठून चालायला लागलं ते —

हे लिहीत असताना बाहेर दशांशची पावलं ऐकू आली. लांब, आखूड. लांब, आखूड, घसट.

त्याने मंगळवारी पट्टा बांधला होता. काल चौथा दिवस.

तो आत आला. आलेख पाहिले. शांतपणे म्हणाला की नियमाप्रमाणे तो तास गाळावा, त्यात काही नाही. मी विचारलं, या तुकडीचं सरासरी चालणं किती तास आलं. म्हणाला, साधारण सात.

साधारण.

आत्याचा चौथा दिवस सोमवारी.

१६ फेब्रुवारी, रविवार

आत्याचा पट्टा काल घरी पोचल्या पोचल्या सोडला. पण सोडून उपयोग आहे का, हे सांगणारं एकच माणूस होतं. नर्सबाई. त्यांनी तिसऱ्या दिवशी काढला होता.

सकाळी गेले. त्या बागेत पाणी घालत होत्या. मला पाहून फाटकाकडे यायला निघाल्या. सहा पावलं. मी सहाही मोजली. लांब, आखूड, घसट. फाटकावरूनच परत फिरले. मागून त्या ताई, ताई अशी हाक मारत राहिल्या, फार प्रेमाने.

म्हणजे एकदा बांधला की झालं. पट्टा काढला की फक्त आपल्याला दिसायचं बंद होतं.

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, शुक्रवारच्या तुकडीतल्या बाकी अकरा जणांचंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मुली, मी तुला चिकट म्हटलं होतं, वेडी नव्हे. सोमवारी रजा घे, झोप काढ. आणि अर्धवट सोडलेली नोंद बाद धरली जाते हे लक्षात ठेव.

मग आत्याला सांगितलं. काही लपवलं नाही. मी तुला ते बांधलं, माझ्या हाताने, बाराची संख्या भरायला, असंही सांगितलं. ती शिवत होती, थांबली नाही. टीप पूर्ण केली, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, तुला नऊ वर्षं श्वास घ्यायला शिकवलं, मला एक तास शिकवायला तुला जड जाणार आहे का? मग म्हणाली, त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे ती तू सांगितलीस आणि तुझ्याच लक्षात आली नाही. सगळे जेवून बसले होते. मी बसणारच नाही. दुपारी दोनला मी आयुष्यात कधी बसले आहे?

पट्टा पुन्हा बांधायला लावला. काढून उपयोग नसेल तर असू दे, म्हणाली, निदान तुला दिसेल तरी मी कोण आहे ते.

साठ मिनिटं सलग पूर्ण होऊ द्यायची नाहीत. एवढंच करायचं आहे. एवढं मला जमायला हवं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ११. रजा घेतली. जिन्याचं दार आतून लावलं. आत्याने नेहमीसारखा चहा केला. मी कप दोनदा विसळला.

ठरलं ते असं. आत्या दोनपासून तीन दहापर्यंत बोळातून येरझाऱ्या घालणार, मोठ्याने पाढे म्हणत, म्हणजे मला आवाज येत राहील. मी टेबलाशी बसून दर पाच मिनिटांनी नोंद करणार. नोंद हवीच, नाहीतर उद्या कुणी विश्वास ठेवणार नाही. तिला बजावलंय, कुणी हाक मारली, मी जरी थांब म्हटलं, तरी तीन दहापर्यंत थांबायचं नाही. आत्या म्हणाली, शिकवणी घेतेस की सूड?

२.०० — सुरू. बेचा पाढा. टाच आधी, टपटप.

२.०५ — सहाचा. आवाज खणखणीत.

२.०९ — आवाज थांबला. धावले. खिडकीशी उभी होती, डोळे उघडे, हात लोंबते. दोन्ही हात धरून ओढली. हाका मारल्या. एकदम चालायला लागली. म्हणते, पाय कुणी धरल्यासारखे झाले.

२.१० — पुन्हा टेबलाशी. ती चालतेय.

२.१५ — अकराचा. पाऊल जड, पण तिचंच.

२.२० — बाराचा. चुकली, बारा साती ब्याऐंशी म्हणाली. स्वतःच सुधारलं, चौऱ्याऐंशी. तीच आहे. तीच आहे.

२.२५ — दारातून सांगून गेली, आता एकदम हलकं वाटतंय, धरलेलं सुटलं.

सुटलं! देवा.

२.३० — तेराचा. गाण्यासारखा म्हणतेय. मला रडू येतंय असं वाटलं पण आलं नाही.

२.३५ — पाणी घ्यायला उठावं म्हटलं. पायांना मुंग्या आल्या असाव्यात. उठवलं नाही.

२.४० — माझाही पट्टा शुक्रवारीच. सकाळी नऊला. जुळ्या म्हणाली होती ती. दोन दिवस नुसता आत्याचा चौथा दिवस मोजतेय, माझा —

तिचं सुटलं ते गेलं कुठे

२.४५ — मी हलतेय. लिहितेय म्हणजे हलतेय. पण पट्टा कमरेला आहे. कमरेच्या पट्ट्याला हात कळत नाही. दोन दहापासून मी या खुर्चीत —

२.५० — हाक मारतेय. तोंड उघडत नाही. आत्या दारावरून तीनदा गेली. आत डोकावून हसली. मी लिहिताना दिसले की तिला बरं वाटतं.

२.५२ — मोठ्या अक्षरांत लिहिलं

मला हलव

तिचा चष्मा शिवणयंत्रावर आहे.

२.५५ — छातीकडे पाहिलं. वर येत नाही. खाली जात नाही. दुखत नाही. लहानपणी दुखायचं.

३.०० — सतरा. दमलीय ती. पाय ओढतेय पण थांबत नाही. मीच सांगितलं थांबू नको. माझं सगळं ऐकते

३.०४ — पट्टा सोडायचा — डावा हात नाही येत — उजवा फक्त पेनाला —

३.०६ — आत्या

३.०८ — कुणीतरी माझ्या आत बसल्यासारखं, नीट, खुर्चीत मागे टेकून, वाट बघत

३.०९ — एकोणीसचा पाढा. तिचाच आवाज. वाचली. आत्या वाचली. हे खोडू नका

३.१० — दारात आली. घामाने भिजलीय. विचारते, झाला का गं तास?

तोंड उघडलं. झाला, म्हणालं. माझ्या आवाजात. मी नाही म्हटलं

ती हसतेय. हात पुढे करून येतेय माझ्याकडे. मी उठतेय, मी नाही, मी अजून वहीत — आत्या नको, जवळ नको ये